चाळीस लग्नांतला एकच आवाज

"भाऊ, इथं तं गाणं वाजून राहिलं. बाबाचा आवाज कुठी हाये?"

कल्पनाताईंनी हे विचारलं तेव्हा मी मॉनिटरकडे बघत मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होतो. समोर त्यांच्याच लग्नाची डीव्हीडी चालू होती. पांढरी साडी नेसलेल्या, सोळा-सतरा वर्षांनी लहान कल्पनाताई. शेजारी नवरदेव. पुढे मेणबत्त्या, फुलं, आणि माइक धरून उभे त्यांचे वडील किसनराव. किसनराव त्रिशरण-पंचशील म्हणत होते, म्हणजे त्यांचे ओठ तसे हलत होते. ऐकू येत होतं ते एक बुद्धगीत. बासरीसकट.

हे एडिटिंग माझंच. कॅसेटच्या काळापासून मी अमरावतीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. शूटिंगवाला कॅमेरा घेऊन मांडवात फिरतो, लोक त्याला आग्रह करून वाढतात. एडिटर नंतर खोलीत बसून त्याच्या सहा तासांचे दोन तास करतो. त्याचं नाव कोणाला माहीत नसतं. चूक झाली की मात्र पत्ता शोधत येतात.

माझ्या बाजूच्या खुर्चीत किसनराव स्वतः बसले होते. राहणार तिवसा. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. दोन वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. माणूस ठणठणीत आहे, पण आवाज गेला तो गेलाच. मांडीवर लहान पोरांची असते तशी पाटी ठेवतात, बटण दाबलं की आपोआप पुसली जाणारी. तिच्यावर त्यांनी लिहिलं आणि माझ्यासमोर धरलं.

"गाणं चांगलं हाये."

"बाबा, तुमी चूप बसा," कल्पनाताई म्हणाल्या. मग आपण काय बोलून गेलो ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. किसनराव मात्र खांदे हलवून हसत होते.

मामला असा होता. कल्पनाताईंच्या धाकट्या भावाचं, सचिनचं लग्न पुढच्या रविवारी होतं. मध्ये फक्त नऊ दिवस. त्यांच्या घरात प्रत्येक लग्नात वंदना, म्हणजे हेच त्रिशरण-पंचशील, किसनरावच घेत. पुतण्यांच्या, भाच्यांच्या, शेजाऱ्यांच्यासुद्धा. आधी ते एकेक ओळ म्हणणार, मागून सारा मांडव म्हणणार. आवाज असा की माइक बंद पडला तरी शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा. तीस वर्षं "चला नांदगाव पेठ, मोझरी, तिवसा" ओरडून कमावलेला आवाज होता तो. आता राहिलं होतं पोटच्या पोराचंच लग्न, आणि नेमका त्यातच आवाज नव्हता.

"सचिन म्हणते, बाबाची वंदना नसन तं मले लग्न लागल्यावानी वाटनच नाही," कल्पनाताई म्हणाल्या. "म्या म्हटलं, मह्या लग्नाच्या डीव्हीडीत हाये ना! तेच स्पीकरवर लावू. आन् तुमी तिथं बासरी टाकून ठेवली."

आता हे बासरीचं प्रकरण तुम्हाला सांगितलं पाहिजे. त्या काळी आम्ही सगळे एडिटर असंच करायचो. कॅमेऱ्यात आलेल्या आवाजाला आम्ही कचरा समजायचो. जनरेटरची घरघर, पोरांची रडारड, "अबे पाणी आण" अशा हाका. तो आवाज बंद करायचा आणि वरून गाणं अंथरायचं. हिंदू लग्न असेल तर सिनेमाचं गाणं, आमच्या बौद्धांच्या लग्नात बुद्धगीत किंवा भीमगीत. मी स्वतः बौद्ध घरातला, मला तरी वंदनेवर गाणं टाकताना काही वाटायला पाहिजे होतं. पण सीझनला एका महिन्यात वीस-वीस लग्नं हातात असायची. शिवाय नवरदेवाचा भाऊ खोलीत येऊन बसला होता. "भाऊ, गाणं पाहिजेच. नाही तं लोक म्हणतीन, साधीच कॅसेट केली." त्याला खूश केला. लोकही खूश होते. सोळा-सतरा वर्षं कोणाची तक्रार नव्हती.

"ताई, मले दोन दिवस द्या," मी म्हणालो. "पाहतो."

किसनरावांनी लिहिलं, "कावून त्रास घेता?"

जाताना त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. त्यानं तर मला अजूनच कसंतरी झालं.

सर्वांत आधी मूळ कॅसेट शोधली. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी कॅसेट असायची ती, एका तासाची. कपाटात सापडली, तिच्यावर पेनानं पाच नावं लिहून खोडलेली. कल्पनाताईंचं नाव दुसरं होतं. म्हणजे त्या लग्नावर आम्ही नंतर आणखी तीन लग्नं शूट केली होती. पाटी पुसून लिहावं तसं. नवी कॅसेट घ्यायला जीवावर यायचं, मग हेच चालायचं.

मग प्रोजेक्ट शोधला. एडिटिंगमध्ये प्रोजेक्ट म्हणजे व्हिडिओ नव्हे. कोणता तुकडा कुठून कुठपर्यंत घेतला, त्यावर काय टाकलं, हे लिहून ठेवलेला तो कागद. सयपाकाची कृती लिहिलेली असावी तसा, भाजी त्यात नसते. माझ्याकडे जुन्या प्रोजेक्टची एक सीडी जपून ठेवलेली होती. लावली. नव्या सॉफ्टवेअरनं सांगितलं, ही फाइल फार जुन्या व्हर्जनमध्ये बनवली आहे, उघडता येणार नाही.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, ती फाइल तुझ्याच आजोबानं बनवली आहे! ओळख तरी दाखव!

दर दोन महिन्यांनी हे सॉफ्टवेअर स्वतःच अपडेट होतं आणि सोबत चकचकीत चौकट उघडून विचारतं, तुम्हाला नवीन काय हवं आहे? आभाळ बदलायचं बटण देऊ? माणूस गायब करायचं बटण देऊ? मी म्हणतो, बाबा रे, मला काहीच नवीन नको. लग्नाचा चार तासांचा व्हिडिओ टाकला तर मध्येच बंद पडू नको. काल जे बटण डाव्या हाताला होतं ते आज उजवीकडे नेऊन ठेवू नको, माझी बोटं डोळे मिटून तिकडे जातात. इंटरनेट गेलं म्हणून मला माझ्याच दुकानाबाहेर उभा करू नको. आणि मी पंधरा वर्षांपूर्वी केलेलं काम उघडून दे. बस, इतकंच. अमरावतीत, अकोल्यात, कोणत्याही लग्नवाल्या एडिटरला विचारा, तो याच्यापलीकडे काही मागणार नाही. पण आमच्यासारख्याला विचारतो कोण? चौकटीत लिहून पाठवलं तर "आपल्या मताबद्दल धन्यवाद" येतं.

तिसऱ्या दिवशी कल्पनाताई परत आल्या. सोबत किसनराव. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सचिन म्हणे का आता एआय हाये. त्याच्यानं आवाज तयार होते."

होतो खरा. माझ्या सॉफ्टवेअरमध्येही तसं बटण आलं होतं. माणसाच्या आवाजाचा नमुना द्यायचा, खाली मजकूर टाइप करायचा, की ते त्याच्या आवाजात बोलतं. कल्पनाताईंच्या मोबाइलवर ऑपरेशनच्या आधीचा एक व्हॉइस मेसेज होता. घसा बसलेला, पण किसनरावांचाच. तो दिला. वंदना टाइप केली. बटण दाबलं.

आवाज किसनरावांसारखा होता. पण पालीतली वंदना अशी म्हणत होता, जशी रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा येत असल्याची सूचना देतात. कुठे थांबायचं त्याला ठाऊक नाही, कुठे ओढायचं ठाऊक नाही. 'गच्छामि' तर असं म्हटलं की जणू कोणी हाकलून लावलं.

किसनरावांनी पाटीवर लिहिलं, "हा कोन हाये?"

आम्ही हसलो. कल्पनाताई हसता हसता रडायला लागल्या. किसनरावांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं.

"सोडून दे पोरी. आवाज गेला तं गेला. मी हावो ना."

ती पाटी बघताना मला एकदम एक गोष्ट आठवली, आणि आठवताच कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ती त्या दोघांसमोर बोलायची माझी हिंमत नव्हती. "आणखी एक जागा पाहून येतो" एवढंच म्हणालो आणि ते गेल्याबरोबर अकोल्याला दिलीपला फोन लावला.

दिलीप माझा जुना पार्टनर. दहा वर्षं आम्ही दोघांनी मिळून एडिटिंगचं काम केलं, मी अमरावतीत, तो अकोल्यात. कामं इकडून तिकडे करायचो. मोबाइलमध्येच शूटिंग व्हायला लागल्यावर तो कंटाळला आणि सासऱ्याच्या धान्याच्या अडतीवर बसला.

"दिलप्या, तो जुना कॉम्प्युटर हाये का फेकला?"

"हाये ना. बायको चार दिवाळ्यांपासून म्हणून राहिली, भंगारात द्या. म्या म्हटलं, त्याच्यावर माही जवानी गेली, असा कसा देऊ?"

"आपली एक नंबर वंदना आठवते का तुले?"

पलीकडे पोतं टेकवल्याचा आवाज आला. मग दिलीप म्हणाला, "बाप्पा! ते तिवश्याच्या कंडक्टरची? काहून, पकडल्या गेलो का आपण?"

आता तुम्हाला सांगतो. किसनरावांच्या आवाजावर मी गाणं टाकलं खरं, पण तो आवाज मी फेकला नव्हता. तो इतका स्वच्छ आला होता की फेकवेना. व्हिडिओ जागा फार खायचा, म्हणून काम झालं की आम्ही तो हार्ड डिस्कवरून पुसायचो. आवाजाच्या फाइलला जागा थोडी लागते. ती ठेवून घेतली आणि दिलीपच्या कॉम्प्युटरवरही टाकली; माझा तेव्हाचा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला. पुढे एका लग्नात तिथल्या वंदनेवर जनरेटर इतका घरघरत होता की एक अक्षर कळेना. मी काय केलं, तिथं किसनराव टाकून दिले. कॅमेरा नवरा-नवरीवर होता, म्हणणाऱ्याचे ओठ दिसत नव्हते. कोणाला पत्ता लागला नाही. मग सवयच लागली. माइक खराब, टाक किसनराव. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांना खोकला, टाक किसनराव. नांदगाव खंडेश्वरचा एक जण तर डीव्हीडी बघून मला म्हणाला होता, "भाऊ, आमच्या बौद्धाचार्याचा आवाज असा कवापासून झाला?" मी म्हणालो, कॅमेरा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडली. मूर्तिजापूर गेल्यावर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला दिसायला लागला. खिशात पेन ड्राइव्ह होता.

कॉम्प्युटर अडतीच्या मागच्या खोलीत होता, तुरीच्या पोत्यांच्या मागे, जुन्या सतरंजीनं झाकलेला. पोत्याएवढाच जाड मॉनिटर. आम्ही दोघांनी पोती सरकवली. वायरी लावल्या. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. आतून टीं-टीं असा आवाज.

"रॅम," मी म्हणालो.

"रॅम," दिलीप म्हणाला, आणि गल्ल्यावरचं खोडरबर घेऊन आला.

रॅम म्हणजे आतली एक लहानशी पट्टी. तिच्या पिवळ्या दातांवर मळ बसला की मशीन उठत नाही. पट्टी काढायची, खोडरबरानं दात घासायचे, फुंकर मारून परत बसवायची. हे आम्हाला कोणत्या क्लासमध्ये शिकवलं नव्हतं. त्या काळी प्रत्येक एडिटरच्या टेबलावर खोडरबर असायचंच. दिलीपनं घासलं, मी बसवलं. पुन्हा बटण दाबलं आणि पडदा उजळला.

आमचं जुनं सॉफ्टवेअर तिथंच बसलं होतं. डबल क्लिक केलं. उघडलं. लॉगिन विचारलं नाही, अपडेट मागितलं नाही, तुमचा प्लॅन संपला म्हणालं नाही. राखाडी रंगाची साधी खिडकी आणि सगळी बटणं जागच्या जागी. माझा हात कीबोर्डवर गेला आणि बोटं आपोआप चालायला लागली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मेलं एक सॉफ्टवेअर, पण त्याच्यासमोर बसून आम्ही लग्नं केली, बाप झालो, घरं बांधली.

"अबे, तो दिलवाला इफेक्ट दाखव ना," दिलीप म्हणाला. नवरा-नवरीचे चेहरे लाल बदामात घालून पडद्यावर फिरवायचे आणि शेवटी बदाम फुटून गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या. अख्ख्या वऱ्हाडात आमचा बदाम फेमस होता. आम्ही तो चार वेळा फिरवून बघितला. समोर दुकानात गिऱ्हाईक "ओ शेठ" करून राहिलं होतं.

साउंडच्या फोल्डरमध्ये तीनशेच्या वर फाइली होत्या आणि एकीलाही धड नाव नव्हतं. नुसते नंबर. ही आमची तेव्हाची खोड, काम उरकलं की नाव कोण देतो? म्हणून नांदगाव खंडेश्वरच्या त्या लग्नाचा प्रोजेक्ट उघडला. व्हिडिओच्या जागी सगळीकडे लाल पट्टे, फाइल हरवली आहे म्हणून. खाली आवाजाची एकच पट्टी हिरवी होती. मी स्पेसबार दाबला.

लहानशा जुन्या स्पीकरमधून किसनराव बोलले.

दिलीपनं चप्पल काढली. मी पण काढली. पूर्ण वंदना आम्ही तुरीच्या पोत्यांमध्ये उभं राहून ऐकली. शेवटचा शब्द म्हटला गेला आणि पट्टी संपली.

"कड ओढून पाय," दिलीप म्हणाला. "मूळ फाइल मोठी असन."

हे जरा समजून घ्या. एडिटिंगमध्ये तुकडा कापला म्हणजे तो खरा कापला जात नाही. उरलेलं दुमडून आत ठेवलेलं असतं, शिलाईच्या आत कापड ठेवतात तसं. कड धरून ओढली की बाहेर येतं. आम्हाला कधी गरजच पडली नव्हती. वंदना संपली की आम्ही कापायचो, दर वेळी, त्याच जागेवर.

मी कड ओढली. पुढे बारा-पंधरा सेकंद निघाले. खुर्च्या सरकल्याचा आवाज, मग किसनराव, हळू आवाजात. शूटिंगवाल्यानं त्यांच्या खिशाला लावलेला कॅमेऱ्याचा माइक बंद करायचा राहून गेला होता.

"रडू नको वं. म्या अकोला गाडीची ड्युटी मागून घेतली. पोरीले सांगू नको, लाडावन."

मग एका बाईचा आवाज. "तुमी जासान रोज. म्या कवा पाहू तिले?"

"तू बी चाल ना. तिकीट मी फाडतो."

आणि एक हसू. रडताना मध्येच फुटतं तसं. मग फाइल संपली.

दिलीप समोर गिऱ्हाइकाकडे गेला. मी ते पेन ड्राइव्हवर घेतलं, दोनदा घेतलं, आणि एक कॉपी मोबाइलमध्येही टाकली. या धंद्यात विश्वास फक्त तिसऱ्या कॉपीवर ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी बापलेक माझ्या खोलीत आले. मी आधी फक्त वंदना लावली. किसनराव पहिल्या शब्दाला ताठ झाले. हात आपोआप जोडले गेले. कल्पनाताई तोंडावर पदर धरून बसल्या. संपल्यावर किसनरावांनी पाटी उचलली.

"गान्याखालून काढलं?"

हो म्हणालो असतो तर सुटलो असतो. पण त्या माणसासमोर खोटं बोलवेना. सगळं सांगून टाकलं. एकाच कॅसेटवर लग्नावर लग्न चढवल्याचं, जनरेटरचं, नांदगाव खंडेश्वरचं.

कल्पनाताई उभ्याच राहिल्या. "म्हणजे मह्या लग्नात बासरी, आन् लोकाइच्या लग्नात माहा बाप? वा रे वा भाऊ!"

"चुकलं ताई."

किसनरावांनी हात करून तिला बसवलं आणि लिहिलं, "किती लग्नं?"

"चाळीसेक असतीन काका."

त्यांनी पाटी पुसली. मग लिहिलं, "नांदले का सारे?"

मी म्हणालो, "एक-दोन सोडले तं सारे नांदून राहिले."

"मंग ठीक," त्यांनी लिहिलं.

"आणखी थोडं हाये," मी म्हणालो आणि पुढचे पंधरा सेकंद लावले.

ती बाई कोण हे मला विचारावं लागलं नाही. किसनरावांची बायको पाच वर्षांपूर्वी गेली होती. कॅमेरा दिसला की पदर ओढून पळणारी बाई. मोबाइलवर बोलायची तर "जेवली का, बरं ठेवते" एवढंच. त्या घरात तिचा आवाज कुठेच साठवलेला नव्हता.

"आई," कल्पनाताई म्हणाल्या. मग वडिलांकडे वळल्या. "बाबा, तुमी तं म्हणत होते डेपोवाले खार खातेत म्हणून अकोला गाडी देतेत! नऊ वर्षं! म्या त्या लोकाइले किती शिव्या घातल्या असतीन!"

कल्पनाताईंचं सासर अकोल्याचं, आणि नऊ वर्षं किसनराव त्या गाडीवर होते. आठवड्यातून दोनदा अकोल्याच्या स्टँडवर उतरून लेकीच्या हातात डबा द्यायचे, दहा मिनिटं उभे राहायचे आणि "काय करता, ड्युटीच लागली" म्हणत परत फिरायचे. कधी कधी सोबत आई असायची, खिडकीजवळच्या सीटवर.

किसनरावांनी पाटी मांडीवर सरळ केली.  मग एवढंच लिहिलं, "रविवारी फक्त वंदना लावा."

बरोबर होतं. बाकीचं त्यांच्या घरचं होतं.

रविवारी तिवश्याला हॉल भरला होता. मी साउंडवाल्याच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसलो. बौद्धाचार्यांनी स्वतःचा माइक किसनरावांच्या हातात दिला. तो बंद होता, हे आम्हा चार-पाच लोकांनाच माहीत होतं. किसनराव पांढऱ्या शर्टात, गळ्याला पांढरा रुमाल, सचिन आणि सुनेच्या पुढे उभे राहिले. मी स्पेसबार दाबला.

आवाज हॉलभर गेला. किसनरावांचे ओठ त्याच्यासोबत हलत होते आणि एका मात्रेचाही फरक नव्हता. फाइलमधला माणूस जिथं श्वास घेत होता तिथंच समोरचा माणूस घेत होता. त्यांनी एक ओळ म्हणायची, मागून चारशे लोकांनी. माझ्यापुढे मुलीकडची एक म्हातारी होती. ती शेजारणीला म्हणाली, "या वयात आवाज पाय कसा खणखणीत हाये." मी मान खाली घातली. सचिन मात्र समोर न बघता बापाकडेच बघत होता, आणि नाकातून पाणी गळत होतं त्याच्या.

शेवटची ओळ झाली. माझं बोट स्पेसबारवर, थांबवायला तयार. तेवढ्यात किसनरावांनी माझ्याकडे बघितलं. हात डोक्यावर नेला आणि हवेतली दोरी दोनदा ओढली.

एसटीत बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. कंडक्टरनं घंटी एकदा वाजवली की थांब. दोनदा वाजवली की जाऊ दे.

मी बोट काढून घेतलं.

"रडू नको वं," स्पीकरमधून आलं. लोक चुळबुळले, त्यांना वाटलं काहीतरी बिघडलं. मग अकोला गाडीचं बोलणं आलं, मग "म्या कवा पाहू तिले?" आलं आणि पुढच्या चार रांगांत बसलेल्या पाहुण्यांनी आवाज ओळखला. एक मावशी "बाई गं, माही बहीण!" म्हणून ओरडलीच. "तिकीट मी फाडतो" ला सगळा हॉल हसला, आणि त्या हसण्यातच फाइलमधलं ते हसूही मिसळलं. सचिन हातातला हार तसाच धरून मटकन खाली बसला. आईला जाऊन पाच वर्षं झाली होती आणि ती पोराच्या लग्नाला आली होती. किसनराव बंद माइक धरून उभे होते. पाटी त्यांनी खुर्चीवरच ठेवली होती.

लग्न लागलं. जेवणं झाली. कल्पनाताईंनी मला पहिल्या पंगतीला बसवून स्वतः वाढलं, आणि पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊ, सचिनच्या व्हिडिओत जर बासरी टाकली, तं पाय मोडीन तुमचे."

नाही टाकली.

गेल्या महिन्यात सॉफ्टवेअरला पुन्हा अपडेट आलं. आता त्यात एक नवीन बटण आहे. ते व्हिडिओतला कामाचा नसलेला भाग स्वतःच ओळखतं आणि विचारायच्या आधी कापून फेकतं. खुर्च्या सरकल्याचे आवाज, मध्येच थांबलेलं बोलणं, कार्यक्रम संपल्यावर चालू राहिलेला माइक. मी सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करून ठेवलं आहे. दर अपडेटनंतर ते आपोआप चालू होतं. मी पुन्हा बंद करतो.